तीन पाणी

आमच्या कारखान्यात एक नोंदवही होती. तिच्यातल्या एका रकान्याचं नाव मी बदललं. पुढे चार महिन्यांनी, एका दिवशी सकाळी सव्वानऊपासून दुपारी चारपर्यंत जे घडलं, त्याचं कारण तो बदललेला शब्द होता. या लेखात तेवढंच आहे. नोकरीची बाकीची अकरा वर्षं सांगण्यासारखी असली तरी इथे नाहीत.

कारखाना भिवंडीत होता आणि तिथे जरीला सोन्याचा मुलामा दिला जाई. काळ सत्तरच्या दशकाच्या मध्याचा. मी त्याआधी ठाण्याच्या एका साप्ताहिकात पाच वर्षं मुद्रितं तपासली, मग बातम्या नीट करायला बसलो. साप्ताहिक बंद पडलं. एका नातेवाइकाच्या ओळखीने मुलाम्याच्या कारखान्यात लिहिणारा म्हणून लागलो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा मला आडनावाने, दामले म्हणून, हाक मारत. मुलामा देणारे इब्राहिमचाचा मला मुन्शीजी म्हणत आणि बाकीचे साहेब म्हणत.

जर म्हणजे काय, हे नेसणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. चांदीची कांब पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत नेतात. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा बारीक. शेवटी तार केसापेक्षा बारीक होते. ती चेपून चपटी करतात आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात. ही झाली पांढरी जर. शालूचा पदर, नवरदेवाचा अंगरखा, देवीची चोळी यांवर जे चमकतं ते सोनं नसतं. ती सोन्याचा पापुद्रा चढवलेली चांदी असते, आणि तिच्या पोटात रेशीम असतं.

जुन्या पद्धतीत सोनं आधी चढे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा गुंडाळून ती तापवायची आणि मग ओढायची. कांब मैलभर लांब झाली तरी सोनं तिच्या अंगावरून सुटत नसे. आमच्याकडे सोनं शेवटी चढे. सुरतेहून पांढऱ्या जरीच्या लड्या येत. काचेच्या हौदात पिवळसर पाणी असे आणि त्यात सोनं विरघळलेलं असे. विजेचा बारीक प्रवाह सोडून लडी त्यातून फिरवली की काही क्षणांत सोनेरी होई. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हात जोडे.

पण सोनं साध्या पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एक क्षार लागतो. दिसायला तो तुरटीच्या खड्यासारखा असतो आणि त्याचं नाव सायनाइड. आमच्याकडे तो कुलपाच्या कपाटात डब्यात असे. त्या खोलीत खायचं-प्यायचं नाही, विडी ओढायची नाही, लिंबू किंवा चिंच खिशातसुद्धा आणायची नाही, हे चाचांचे नियम होते. आंबट पदार्थ त्या पाण्यात पडला तर जी वाफ निघते ती खोलीतल्या माणसांना दारापर्यंत पोचू देत नाही. चाचांनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि माझ्या शर्टाचे खिसे तपासले.

मुलामा दिल्यावर लडी तीन हौदांतून खंगाळायची. पहिल्या हौदातलं पाणी दिवसातून चारदा बदलायचं, तिसऱ्यातलं चव घेता येईल इतकं स्वच्छ ठेवायचं. अर्थात चव कोणी घेत नसे. या धुण्याला कारण होतं. जरीकाम करणारा कारागीर सुई ओवताना जरीचं टोक ओठांत ओलं करतो आणि टाका संपला की दाताने तोडतो. ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जुन्या जरीत सोनं, चांदी आणि रेशीम यांखेरीज काही नसायचं, त्यामुळे ती तोंडात घातल्याने कुणाचं काही बिघडत नसे. जर बदलली, पण सवय तीच राहिली. दोहोंच्या मध्ये आमचे तीन हौद होते.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायचे तर वेगळा लेख होईल. एक बँडमास्तर खांद्यावरच्या झालरीसाठी जर घ्यायला आला. म्हणाला, "माझ्या बायकोच्या पाटल्यांचा रंग पाहिजे." चाचा म्हणाले, पाटली आणून दाखवा. दुसऱ्या दिवशी तो बायकोलाच घेऊन आला, कारण तिने पाटली हातातून काढायला नकार दिला होता. बाई दोन तास हात पुढे करून बसल्या. रंग जुळला तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुमच्या खांद्यांकडे चोरांचं लक्ष जाईल, माझे हात सुटले."

नोंदवही माझ्याकडे होती. आधीच्या लिहिणाऱ्याने एका रकान्यावर लिहिलं होतं: 'खंगाळ १, २, ३'. लडी प्रत्येक हौदातून निघाली की एक खूण करायची. मला तो शब्द ओबडधोबड वाटला. मी तो खोडून वर 'पाणी' लिहिलं. शब्द लहान होता, स्वच्छ होता आणि रकान्यात बसत होता. मग मी बोलतानाही तसंच म्हणू लागलो: "तीन पाणी झाली का?"

ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात तो मथळ्यात वापरू नये, असा आमच्या साप्ताहिकात नियम होता. नव्याने येणाऱ्यांना तो मी शिकवत असे. कारखान्यात मुलाम्यालाही 'पाणी'च म्हणत. सोन्याचं पाणी. चाचा दिवसभर ओरडत, "पानी चढ़ाओ, पानी दो." ते मी रोज ऐकत होतो.

चार महिने काही झालं नाही, कारण लड्या खंगाळणारा काशिनाथ जुना होता. मी काहीही म्हटलं तरी तो हौदांकडेच जाई. मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्याच्या जागी पूर्णा गावचा धर्मा आला. तिशीचा, शेतीतला माणूस, कामाला वाघ आणि अतिशय आज्ञाधारक. त्याला येऊन दोन दिवस झाले होते. ते दोन्ही दिवस तो चाचांच्या हाताखाली काचेच्या हौदाशीच होता; खंगाळणं काशिनाथनेच उरकलं आणि मग तो गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचांना ताप भरला. बारा लड्यांना मुलामा देऊन झाला होता. त्या काचेच्या दांडीवर ठिबकत होत्या. चाचा घरी गेले. मी दारातून म्हणालो, "धर्मा, त्यांना तीन पाणी दे आणि वाळत घाल."

"व्हय साहेब."

तासाभराने विचारलं, "तिन्ही पाणी झाली?"

"झाली, साहेब."

मी वहीत तीन खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाराही लड्या मीच कागदात बांधल्या. हाताला त्या किंचित कडक लागल्या, कांजी केल्यासारख्या. हे माझ्या लक्षात आलं होतं, हे इथे नोंदवतो. गिऱ्हाइकाचा, म्हणजे जरीकाम करणाऱ्या उस्मान उस्तादांचा, माणूस दारात उभा होता. मी पुडकं त्याच्या हाती दिलं आणि हात धुऊन वहीकडे वळलो.

सव्वानऊला चाचा आले. नेहमीप्रमाणे त्यांनी एक लडी चाचणीसाठी फिरवली. ती फिकी निघाली. दुसरी फिरवली, तीही फिकीच. ते बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, सोना किधर गया?"

अण्णांना बोलावलं. सोनं चोरीला गेलं असं वाटलं तर संशय नव्या माणसावर जातो. धर्माने स्वतःहून खिसे उलटे केले. त्यातून तंबाखूची पिशवी आणि बसचं तिकीट निघालं.

"आईची आन, अन्ना. मना काय करायचा सोना? साहेब बोललं तीन पानी दे. मी तीन दिलं."

"कौन सा पानी?" चाचांनी विचारलं.

धर्माने बोट दाखवलं. बोट काचेच्या हौदाकडे होतं.

"और वो हौद?"

"त्यांचा मना कोनी सांगलाच न्हाय."

तिन्ही हौदांतलं पाणी आदल्या सकाळी भरलं तसं होतं. चाचा जमिनीवर बसले. लड्या तीनदा सोन्यातून गेल्या होत्या आणि एकदाही धुतल्या गेल्या नव्हत्या. जो क्षार आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवत होतो, तो प्रत्येक लडीच्या अंगावर वाळला होता.

चाचांनी धर्माला नळाखाली बसवलं, कोपरापर्यंत हात घासले आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "मुंह को हाथ लगाया था क्या?" धर्मा रडत होता. आपण काय केलं हे त्याला कळलं नव्हतं, पण चाचांचा चेहरा दिसत होता.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "पळा. लड्या परत आणा. रंग फिका आलाय म्हणून सांगा."

"अण्णा, ते जर दाताने तोडतात."

"म्हणूनच पळा म्हणतोय. पण तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

"न सांगता कसं—"

"दामले, आपला कारखाना हिंदूचा. उस्तादांकडचे कारागीर सगळे मुसलमान. विषाची जर पाठवली, एवढं कुणीतरी म्हणायचा अवकाश. संध्याकाळपर्यंत या गावात काय होईल, ते तुमच्यासारख्या पेपरवाल्याला मी सांगू?"

सांगायची गरज नव्हती. भिवंडीतल्या सत्तर सालच्या दंगलीला काही वर्षं झाली होती, पण दुकानाचं शटर जोरात ओढलं तरी रस्त्यावरची माणसं मागे वळून पाहत. अण्णा खोटं बोलत नव्हते. त्या दिवशीचा हा भाग मी अनेकदा तपासला आहे. ते सांगत होते ती भीतीही खरी होती.

उस्मान उस्तादांचा जरीकामाचा कारखाना आमच्यापासून पायी पंधरा मिनिटांवर होता. मी सात-आठ मिनिटांत पोचलो. पहिल्या मजल्यावर लाकडी चौकटीवर गडद निळी शेरवानी ताणली होती आणि चौघे जण तिच्याभोवती मांडी घालून बसले होते. त्यांतला युसुफ दाराकडे तोंड करून होता. मी आत शिरलो तेव्हा जरीचं टोक त्याच्या ओठांत होतं.

"थांबा. ते तोंडातून काढा."

युसुफने काढलं. चौघेही माझ्याकडे बघू लागले. उस्ताद कोपऱ्यातून उठले. साठीचे, बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला.

"क्या हुआ, मुन्शीजी?"

"लड्या परत हव्यात. रंग फिका आलाय."

उस्तादांनी उघडलेली लडी उजेडात धरली. "फीका? अरे, चालीस साल में ऐसा गहरा रंग नहीं देखा. इब्राहिम ने आज दिल खोल के पानी दिया है."

मी म्हणालो, "रंग कच्चा आहे. ओठांना लागेल. पिवळे होतील."

"लो!" शेजारचा कारागीर म्हणाला, "शादी दूल्हे की, और पीले होंठ यूसुफ के!"

सगळे हसले. युसुफसुद्धा हसला. मी त्याला विचारलं, सकाळपासून किती सुया ओवल्या.

"पाँच. छे हुई होंगी."

"चूळ भरा. चांगल्या चार-पाच भरा."

त्याने दोन भरल्या. तिसरी भरण्याआधी चहा आला आणि तो त्याने प्यायला. मी बघत उभा राहिलो. त्याच्या कपाळावर घाम आहे का, हात थरथरतो का, हे बघत होतो. काही दिसलं नाही. त्याने एकदा फक्त कपाळ दाबलं. ते तो नेहमीही करत असेल.

लड्या मोजल्या. दहा कागदात बांधलेल्या होत्या आणि एक उघडलेली. अकरा.

"बारावी?"

"एक हीराबाई ले गई," उस्ताद म्हणाले. "कशेळीवाली. देवी का काम है उसका. नौ बजे आई थी, बस पकड़ के गई."

मी अकरा लड्या पिशवीत भरल्या आणि उतरलो. खरं काय घडलंय ते युसुफला न सांगता मी तिथून निघालो. जिन्यावर असताना वरून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

कोपऱ्यावर धर्मा उभा होता. चाचांनी पाठवला होता. पिशवी त्याच्याकडे देऊन मी एसटी पकडली. कशेळीपर्यंत पस्तीस मिनिटं लागली, कारण वाटेत मालट्रकांची रांग होती. त्या पस्तीस मिनिटांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मी एकच आकडेमोड करत होतो. नऊला लडी घेतली. दहाच्या आत घरी. दहाला कामाला बसली असेल, तर एका टाक्याला किती वेळ लागतो आणि तासाभरात जर किती वेळा दातांखाली येते. शेजारच्या माणसाने मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं आणि खिडकीची जागा दिली.

हिराबाईंचं नाव मला वहीतून माहीत होतं. उस्तादांच्या वडिलांकडे जरीकाम शिकलेली ही गावातली एकच बाई. आसपासच्या गावांच्या देवींची जत्रेची वस्त्रं तीच करी. खाडीच्या बाजूला तिचं कौलारू घर होतं. जत्रा दोन दिवसांवर होती. पडवीत पाहुणे मंडळी बसली होती, म्हातारे सासरे मध्यभागी. अंगणात तुळशीपाशी पितळेची परात होती. परातीपासून हातभर अंतरावर दोन कोंबड्या पडल्या होत्या. एकीचा पाय अजून हलत होता, असं मला वाटलं. नंतर कळलं की वाऱ्याने पिसं हलत होती.

हिराबाई बाहेर आल्या. चाळिशीच्या पुढच्या, नऊवारी, कमरेला कात्री अडकवलेली. त्या चालत होत्या, बोलत होत्या.

"कोन हवाय, दादा?"

"मी मुलाम्याच्या कारखान्यातून आलोय. उस्तादांकडून लडी आणलीत ना? रंग फिका आलाय. बदलून देतो."

"फिका?" त्यांनी दोरीकडे बोट केलं. लडी तिथे वाळत होती. "दादा, मी पंचवीस वरसं जर बघते. आसा रंग कवा बघला न्हाय."

लडी ओली होती. मी विचारलं, "ही धुतलीत?"

"खंगाळली. देवीच्या कामाची जर आनली का आधी खंगाळायची. कोना कोनाचा हात लागलेला आसतो."

"आणि तोंडात? सुई ओवताना?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी काही घाण बोललोय. "देवीची जर तोंडात? उष्टी न्हाय का व्हनार?" त्यांनी कमरेची कात्री दाखवली.

मी पडवीच्या पायरीवर बसलो. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. मग परातीकडे लक्ष गेलं. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं.

"या कोंबड्या?"

"मानमोडीचा रोग आला," सासरे पडवीतून म्हणाले. "सकालपासून बऱ्या व्हत्या. परातीतला पानी प्याल्या आन् बघता बघता आडव्या. पानी प्यालेल्या तीन व्हत्या."

"तिसरी कुठे आहे?"

"ती लटपटाया लागली तवा लगेच कापली मी. मेल्यावर काय उपयोग?"

तेव्हा मला वास आला. आतून वाटणाचा, खोबरं भाजल्याचा वास येत होता, आणि तो मी अंगणात शिरल्यापासून येत होता.

"ते कालवण टाकून द्या," मी म्हणालो.

"का बरं?"

"कोंबडीला रोग असेल."

पडवीतली मंडळी हसली. "रोगाची कोंबडी आज पयल्यांदा खातो काय आमी? शिजली का रोग गेला."

रंग फिका आलाय म्हणून कोणी लडी परत देईल. रंग फिका आलाय म्हणून कोणी चुलीवरचं कालवण ओतून देणार नाही. दारातून आतलं दिसत होतं. हिराबाईंची भावजय चुलीपाशी उभी होती. मिठाचा अंदाज घ्यायला तिने पळीतला रस्सा तळहातावर घेतला होता आणि ती त्यावर फुंकर मारत होती.

मी ओरडलो, "विष आहे त्यात!"

तिने हात झटकला. रस्सा चुलीत पडला. हिराबाई आत गेल्या, भावजयीचा हात धरून तिला बाहेर आणलं, रांजणाचं पाणी तिच्या हातावर ओतलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"कंचा विष?"

मी सांगितलं. सोनं कशाने विरघळतं, लड्या धुवायच्या राहिल्या, परातीतल्या पाण्यात ते उतरलं. अण्णांनी काय बजावलं होतं तेही सांगितलं. सासरे उठून उभे राहिले. एक पाहुणा माझ्या आणि फाटकाच्या मध्ये येऊन थांबला.

"चूक कोनाची?" हिराबाईंनी विचारलं.

धर्माचं नाव जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. "माझी. वहीत एक शब्द होता, तो मी बदलला. मी 'पाणी' लिहिलं. नवा माणूस सोन्याचं पाणी समजला."

"आदी काय लिवला व्हता?"

"खंगाळ."

"मंग तो का खोडला?"

"बरा दिसत नव्हता."

"कोनाला?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, कुदल घ्या."

घराच्या मागे, विहिरीपासून लांब, कमरेएवढा खड्डा खणला. मीही खणला. दोन कोंबड्या, कालवणाचं अख्खं भांडं, भांड्यासकट, परातीतलं पाणी आणि शेवटी ती लडी त्यात गेली. इतक्या गडद सोन्याची लडी मी पुन्हा पाहिली नाही. माती ओढून वर दगड ठेवले. हिराबाईंनी परात राखेने तीनदा घासली आणि तरीही अंगणाबाहेर उपडी घालून ठेवली. मी निघताना म्हातारे म्हणाले, "वरडलास तेवढा बरा केलास."

उस्तादांकडे पोचलो तेव्हा तीन वाजले होते. चौकटीवर तिघेच होते. मी जिन्यातच थांबलो.

"यूसुफ?"

"अंदर लेटा है. सर भारी है बोलता है."

मी सगळं सांगितलं. तिघांच्या सुया थांबल्या. उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आम्ही दोघांनी युसुफला उठवून दवाखान्यात नेलं. तो स्वतःच्या पायांनी चालत आला. वाटेत मला म्हणाला, "मुन्शीजी, मेरे होंठ पीले हुए क्या?" मी नाही म्हणालो. डॉक्टरांनी डोळे, नाडी, छाती पाहिली. म्हणाले, जे व्हायचं ते पहिल्या तासातच झालं असतं. घरी न्या, एकटा ठेवू नका.

दवाखान्याच्या पायरीवर उस्ताद म्हणाले, "सुबह आप मेरे सामने खड़े थे. उसको चाय पीते देख रहे थे."

"हो."

"और आपको मालूम था."

"हो."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटली होती. "यह बात मेरे कमरे से बाहर नहीं जाएगी," ते म्हणाले. "आपके लिए नहीं, मुन्शीजी. गाँव के लिए."

ती गोष्ट बाहेर गेली नाही. त्या खोलीत पाच जणांना आणि कशेळीच्या अंगणात नऊ जणांना ती ठाऊक होती, आणि दोन्हीकडून एक अक्षर बाहेर आलं नाही. सकाळी आम्ही ज्यांना सांगायला घाबरलो होतो, ती ही माणसं. युसुफ दुसऱ्या दिवशी कामावर आला. पुढे अनेक वर्षं मी कधीही त्या जिन्यावरून चढलो की आधी त्याची जागा बघत असे. तो कपाळ दाबताना दिसला तर मला काम सुचत नसे.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवे रबरी हातमोजे आणले आणि मला एवढंच विचारलं, "वहीचं काय केलंत?" मी 'पाणी' खोडून 'खंगाळ' लिहिलं होतं. तो रकाना बाकीच्यांपेक्षा घाणेरडा दिसे, खोडाखोडीमुळे. मी नवी वही घालायला सांगितली नाही. धर्मा टिकला. चाचांच्या हाताखाली पुढे मुलामा शिकला. पण प्यायला पाणी मागतानासुद्धा तो आधी "प्यायचा" म्हणे आणि मग "पानी".

जत्रेच्या आदल्या सकाळी, म्हणजे त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी, मी हिराबाईंची नवी लडी घेऊन कशेळीला गेलो. ती मी स्वतः खंगाळली होती. तीन हौदांतून, आणि मग पुन्हा तीन हौदांतून. उरलेल्या कोंबड्या पडवीत पाटीखाली कोंडलेल्या होत्या. हिराबाईंनी लडी घेतली, परात मांडली, रांजणातून पाणी ओतलं आणि माझ्यासमोर ती खंगाळली. ते पाणी उचलून घरामागे, दगड ठेवलेल्या खड्ड्यावर नेऊन ओतलं. परत आल्या, पुन्हा पाणी घेतलं. असं तीनदा.

मी धुऊन आणली आहे, असं म्हणालो नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातून परात घेतली आणि ते पाणी मी ओतून आलो.